वरची मूठ

माझ्या दुकानाची वेबसाइट उघडली की आधी पाहुण्याच्या तोंडावर एक चौकट येऊन आदळते. तिच्यात नऊवारीतली एक बाई हात जोडून उभी आहे. ती मी नाही. ती माझ्याहून गोरी आहे, आणि तिनं जन्मात कधी पायली उचललेली नाही हे तिच्या मनगटावरून कळतं. खाली ‘आपले सहर्ष स्वागत’. चौकट बंद करायची फुली वरच्या कोपऱ्यात, मोहरीच्या दाण्याएवढी. माझ्या बोटाखाली ती फुली तर झाकली जातेच, वर शेजारची अर्धी बाईही जाते. फुली लागो की चुको, पहिल्या स्पर्शाला दुसरी एक बाई गळा काढून ओरडायला लागते. ती मात्र मीच.

‘या गो ताय, या रे दादा! नवा तांदूळ घ्या, कडवे वाल घ्या! मापात खोट नाय, मागून कटकट नाय! हात लावून बघ गो बाय, हात लावायला पैसे नाय!’

मग वरून फुलं पडायला लागतात. झेंडू असतो, आणि कसली तरी निळी फुलं, जी शहापूर तालुक्यात कुणी पाहिलेली नाहीत. फुलांच्या मागे तांदळाचे फोटो सरकत असतात. गिऱ्हाईकाचं बोट वालापर्यंत पोचेतो वाल निघून जातात आणि पापड येतात. पापडावर बोट ठेवलं की वाल परत येतात. मधून एक लाल ओळ पळते, ‘आमची कोठेही शाखा नाही’. मुख्य दुकानाला शोधत कुणी येत नाही तिथे शाखा कोण विचारतंय, पण ओळ पळते. अगदी तळाला एक आकडा आहे, आजवर किती लोक येऊन गेले त्याचा. आणि फोन नंबर? तो ‘आमच्याविषयी’च्या आत ‘अधिक माहिती’त, तिच्या आत ‘संपर्क’मध्ये, करड्या रंगावर करड्या अक्षरांत. चोर घरात शिरला तरी त्याला तो सापडणार नाही.

माझी सून कल्याणला नोकरी करते, तिला यातलं कळतं. ती म्हणते, “आई, ही वेबसाइट नाही, जत्रा आहे. एका सुट्टीत मी सगळं साफ करून देते.” मी नको म्हणते. कारण विचारलं की दुकानात काम आहे असं सांगून उठते. ते कारण इथे सांगते.

मुळात ही जत्रा मी स्वतः भांडून मिळवलेली आहे.

आमच्याकडे धान्य मापून देतात तेव्हा पायली काठोकाठ भरली म्हणजे माप पुरं झालं असं कुणी मानत नाही. वर एक मूठ घालावी लागते. ती हिशेबात नसते. ती विकणाऱ्याची नियत. आता दुकानात वजनकाटा आहे, विजेवर चालतो, तरी काट्यावरून पिशवी उतरवली की बाया पिशवीचं तोंड उघडं धरून उभ्या राहतात. वरची मूठ पडली की मग गाठ मारतात. मी जन्मभर असं दिलं, आणि जन्मभर असंच घेतलं. टेम्पोवाल्याकडून, सिमेंटवाल्याकडून, सुनेच्या माहेरच्यांकडूनसुद्धा. त्यामुळे वाशिंदला मोबाईलच्या दुकानावर ज्याचं ऑफिस आहे त्या वेबसाइटवाल्याकडे गेले, तेव्हा भाव पाडून झाल्यावर मी सवयीनं विचारलं, “आणि वर?”

तो छताकडे बघायला लागला.

“वर काय देणार?” मी म्हटलं.

“काकू, वेबसाइटला वर काही नसतं. पॅकेज ठरलं की ठरलं.”

“मग ऱ्हावू दे.” मी उठले.

उठायची एक रीत असते. नाटक करायचं नाही, खरंच उठायचं. पिशवी उचलायची. एक चप्पल घालायची. दुसऱ्या चपलेत अंगठा अडकवायला मात्र वेळ लावायचा. समोरचा जे बोलायचं ते त्या अंगठ्याच्या वेळात बोलतो.

“थांबा काकू. फुलं टाकू का? वरून पडणारी?”

मी चप्पल काढली.

फुलं मिळाली. मग पळती ओळ मिळाली. येणाऱ्यांचा आकडा मिळाला. हात जोडलेली बाई मिळाली. प्रत्येक वेळी तो “बस आता काकू” म्हणायचा आणि मी चपलेकडे बघायची. शेवटी बिचारा म्हणाला, “एकच राहिलं. तुमचा आवाज टाकता येईल.”

“म्हणजे?”

“बाजारात तुम्ही ओरडता ना, तसं. रेकॉर्ड करतो. माणसानं वेबसाइट उघडून कुठेही बोट लावलं की सुरू.”

मी तिथेच उभी राहून ओरडले. खालचा मोबाईलवाला जिना चढून धावत आला, वर कुणाला मारलं काय म्हणून. वेबसाइटवाल्यानं कानातून तारा काढल्या आणि विचारलं, “बंद करायचं बटण कुठे ठेवू?”

“बाजारात माझ्या अंगावर बटण असतं का?” मी म्हटलं. “नको.”

त्यानं ठेवलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे मला ते चांगलंच भोवलं.

सुनेनं वेबसाइट पाहिली आणि मोबाईल पालथा घातला. मग मी शिकावं म्हणून तिनं मला मोठमोठ्या कंपन्यांच्या वेबसाइट दाखवल्या. मी नीट पाहिल्या. एकीनं भाव सांगायच्या आधी माझं नाव, फोन नंबर आणि जन्मतारीख विचारली. बाजारात कुणी वांग्याचा भाव सांगायच्या आधी जन्मतारीख विचारली असती तर मी वांगं फेकून मारलं असतं. एक म्हणाली, ‘घाई करा, शेवटचाच नग उरला आहे’. दुसऱ्या दिवशी उघडली तरी तोच शेवटचा नग उरलेला. एकीनं विचारलं, ‘आमच्या सवलती तुम्हाला कळवू का?’ आणि उत्तरं दिली, ‘हो’ आणि ‘नंतर’. ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. ही लबाडी आम्हीही करतो, नाही असं नाही. पण आम्ही ती तोंडासमोर उभं राहून करतो, आणि समोरचा चार शब्द सुनावू शकतो. इथे सुनावायचं कुणाला? काचेला? ते ‘नंतर’ मात्र मला पटलं. मी वाशिंदला फोन करून तेही मागून घेतलं.

त्या सगळ्या दिवसांत माझा भाऊ माझ्याशी बोलत नव्हता. म्हणजे मी त्याच्याशी.

तो माझ्याहून लहान. माहेर मुरबाडच्या आत, टोकावड्याच्या अंगाला. बाप लवकर गेला. आई दुसऱ्यांच्या शेतावर जायची, आणि आम्ही दोघं मुरबाडच्या बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून बसायचो. करवंदं, कुळीथ, वाल, घरात जे असेल ते. आवाज माझा आणि हात त्याचा. तो लाजरा होता, गिऱ्हाईक आलं की त्याची मान खाली. मी ओरडून माणूस थांबवायची, भांडून भाव जमवायची, आणि तो माप भरायचा. वरची मूठ तो घालायचा. त्याची मूठ लहान होती, म्हणून तो दोनदा घालायचा. मी दर वेळी ओरडायची, “नासाडी करू नकोस रे!” तो मान खाली घालून हसायचा आणि पुढच्या पायलीवर पुन्हा दोनदा. लोक आमच्याकडे परत यायचे ते माझ्या आवाजामुळे असं मी पुष्कळ वर्षं समजत होते.

मग मी सापगावला लग्न होऊन आले. टोपली डोक्यावर घेऊन शहापुरात दारोदार फिरले, पुढे टपरी टाकली, मग दुकान. मला कुणी काही दिलेलं नाही, मी सगळं ओढून घेतलेलं आहे. भावाकडचा तांदूळ आणि वाल मात्र भांडणाशिवाय यायचे. त्याच्याशी मी कधी घासाघीस केली नाही. जगात तो एकच.

त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न ठरलं तेव्हा मी वाट बघत बसले. रीत अशी की आधी देवाला अक्षता, मग बहिणीला. भाऊ घरी येतो, उंबऱ्यात उभा राहतो, हातावर अक्षता ठेवतो आणि ‘लग्नाला ये’ म्हणतो. तेवढंच. मी घर सारवल्यासारखं लखलखीत ठेवलं होतं. सुनेला सांगितलं होतं की मामा येतील तेव्हा चहा पातळ करू नकोस.

मामा आले नाहीत. मोबाईल वाजला.

त्याच्यात एक गणपती गोल फिरत आला. मग लाल पडदा उघडला. मग सनई, इतक्या मोठ्यानं की दुकानातलं मांजर पळालं. मग पाकळ्या, पाकळ्यांत दोन अंगठ्या, अंगठ्यांतून नवरानवरीची नावं आली आणि वाचायच्या आत फुटून त्यांचे तारे झाले. मी ते पुन्हा पुन्हा लावलं. माझं नाव कुठे येतं ते बघत होते. ते कुठेच नव्हतं. शेवटी लिहिलं होतं, ‘हेच आग्रहाचे निमंत्रण समजावे’. समजावे! सख्ख्या बहिणीनं!

मी तापट आहे, मला माहीत आहे. मी नातेवाइकांच्या ग्रुपवर आवाजातला निरोप टाकला. “ज्याच्या मुठीत बहिणीसाठी चार दाणे नाय, त्याच्या मांडवात माझा पाय नाय.” आणखीही बरंच होतं. सगळ्यांनी ऐकलं. नवरीकडच्या लोकांनीही, कारण त्या ग्रुपात तेही घुसवलेले होते. मी लग्नाला गेले नाही. जे बोलले ते आजही मला चुकीचं वाटत नाही. पण त्यानंतर भाऊ आला नाही आणि त्याचा फोनही आला नाही. वाल यायचे थांबले. मी दुसरीकडून घेऊ लागले, आणि तिथे प्रत्येक पायलीला घासाघीस करू लागले.

वेबसाइट झाली ती त्यानंतर. तिचा पत्ता आणि ती काळी चौकोनी खूण मी तांदळाच्या प्रत्येक पिशवीवर छापून घेतली.

तळाच्या आकड्याचं मला पहिल्या दिवसापासून हसू यायचं. दुकान उघडायच्या आधीच त्यात हजारो लोक येऊन गेलेले. वेबसाइटवाला म्हणाला, “शून्य वाईट दिसतं काकू.” त्या खोट्या हजारांच्या पुढे खरी भर कितीशी पडते ते मी रोज बघायची. मी उघडलं की एक वाढायचा. म्हणजे मीच माझं गिऱ्हाईक. पण सकाळी बघितलं की आदल्या दुपारच्या माझ्या आकड्यावर आणखी एक चढलेला असायचा. रोज एकच. सुनेला विचारलं, ती नाही म्हणाली. तिनं तर शपथ घेतली होती, पुन्हा ते उघडणार नाही म्हणून.

मग मला कळलं. म्हणजे मला वाटलं की मला कळलं. शहापुरातला माझ्या बरोबरीचा एक व्यापारी आहे. तोच रोज माझे भाव बघत असणार. मी मुद्दाम वालाचा भाव चढवला. दोन दिवसांनी उतरवला. मग तांदळाचा पाडला आणि पापडाचा असा चढवला की त्यात सोनं लाटलंय असं वाटावं. मी मनात म्हणायची, कर आता काय करतोस ते. तो व्यापारी बाजारात भेटला की मी गालात हसायची. तो गोंधळून नमस्कार करायचा.

अशात कुणाकडून तरी कानावर आलं की भावाच्या मुलीचं लग्न ठरलं. ही मुलगी लहानपणी सुट्टीत माझ्याकडे राहायची, धान्याच्या पोत्यावर झोपायची. तिला वेणी मी घालायला शिकवली. मी कुणाला काही बोलले नाही, पण मोबाईल वाजला की आधी लांबूनच बघायची. गणपती फिरत येतो की काय. तो आला असता तर मी पुन्हा गेले नसते. माझा स्वभाव मला ठाऊक आहे. आणि मग त्या घराचा उंबरा माझ्यासाठी संपला असता.

बाजाराच्या दिवशी मी मुरबाडला गेले होते, नाचणी बघायला. काम आटोपून स्टँडवर शहापूरच्या गाडीची वाट बघत बसले. सिमेंटचे बाक पाठीला पाठ लावून असतात तिथे. पाय सुजले होते. मी चप्पल काढून डोळे मिटले होते, तेवढ्यात माझ्या पाठीमागून मी ओरडले.

“या गो ताय, या रे दादा! नवा तांदूळ घ्या, कडवे वाल घ्या!”

सगळा स्टँड वळला. एक म्हातारा, बोचकं घेऊन खाली बसलेला, आधी आवाजाकडे आणि मग माझ्याकडे बघू लागला. तो बाजारात मला वर्षानुवर्षं ऐकत आलेला असणार. मला वाटलं कुणीतरी मला चिडवण्यासाठी लावलंय. मी तशीच अनवाणी उठले आणि बाकाला वळसा घालून पलीकडे गेले, तोंडात शिवी तयार ठेवून.

पलीकडे एक माणूस मोबाईलवर वाकून बसला होता. टोपी, चष्मा, पायात कापडी पिशवी धरलेली. तो अंगठ्यानं काचेवर ढोसत होता. मोबाईल जुना, आवाज कमी करायची बाजूची कळ निखळून गेलेली. समोर बाईची चप्पल नसलेली पावलं दिसली तशी त्यानं वर न बघताच मोबाईल पुढे केला.

“ताई, जरा बंद करून द्या ना. थांबतच नाय ही बाई.”

माझा भाऊ.

शिवी तोंडात विरघळली. मी मोबाईल घेतला. फुली शोधली. फुली चुकली, आणि पहिल्या चौकटीवर दुसरी आली, ‘आमच्या सवलती तुम्हाला कळवू का? हो. नंतर.’ मी ‘नंतर’ दाबलं. सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. “या गो ताय, या रे दादा!” फुलं पडायला लागली. मी तळापर्यंत गेले, वर आले, बाईच्या जोडलेल्या हातांवर बोट दाबलं. काही थांबेना.

म्हातारा म्हणाला, “एक बाई मोबाईलात बोंबलते, एक भायेर उभी. तांदूळ घ्याचा कुनाकडून?”

लोक हसले. त्या हसण्यानं भावानं मान वर केली. चष्मा नाकावर सरकवला.

“बाय?” तो म्हणाला.

इतक्या दिवसांत त्याला भेटले तर काय काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. दुकानात निवडत बसले की मनात बोलून बघायची. त्यातलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, “बंद कसा करायचा रे हा?”

“मला काय इचारतेस? दुकान तुझा हाय.”

“बटण नाय ठेवलेला.”

“का?”

“माझी अक्कल.”

त्यानं मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला, गळ्यातल्या टॉवेलात गुंडाळला आणि मांडीखाली घेऊन बसला. मांडीखालून “मापात खोट नाय” येत राहिलं, पण बारीक. मी शेजारी बसले. दोघंही समोरच्या फलाटाकडे बघत होतो.

“रोज ऐकतोस?” मी विचारलं.

“रोज नाय.” टोपी सारखी केली. “संध्याकाळचा.”

“कुठून गावला तुला?”

“शेजारी बारशाला तुझी पिशवी आलेली. पोरानं ती खूण धरून लावून दिला. मी म्हटलं, ठेव तसाच.” मग एकदम माझ्याकडे वळला. “पन वालाचा भाव एवढा कशाला चढवलास? येडी झालीस काय? मी हितं वाल घेऊन बसलोय, तू सोन्याच्या भावानं इकतेस. दुसऱ्या दिवशी बघतो तं निम्मा! लोक काय म्हनतील?”

मी त्याला व्यापाऱ्याची गोष्ट सांगितली नाही. अजूनही सांगितलेली नाही.

“आणि आता भर स्टँडवर कशाला लावलास?”

तो पायांतल्या पिशवीकडे बघत राहिला. “तुझ्याकडंच निघालेलो. सकाळी आलो हितं. गाड्या आल्या, सोडल्या. म्हटलं, आधी आवाज ऐकू. रागात हायेस का बघू.”

“अरे, ती रेकॉर्डिंग हाय! ती रोज तशीच असते!”

“म्हायत हाय,” तो म्हणाला. “तरी.”

मी पदरानं तोंड पुसलं. मुरबाडच्या स्टँडवर धूळ फार.

“थोरल्याच्या टायमाला,” तो म्हणाला, “पोरानं एकदम समद्यांना पाठवला तो गनपती. बहिणीला नको पाठवू असं सांगायचा माझ्या ध्यानातच नाय आला. मी दुसऱ्या दिवशी येनार व्हतो. अक्षता बांधून ठेवल्या व्हत्या. आनि रातच्याला तुझा आवाज आला ग्रुपवर. व्याह्यांनी ऐकला. कसा येऊ मग?”

“बांधलेल्या व्हत्या?”

“तुझ्या भावजयला इचार.”

मी कुणाला विचारणार नव्हते. या माणसाला खोटं बोलता येत नाही, म्हणून तर लहानपणी भाव मी करायची. त्यानं पिशवीत हात घातला आणि फडक्यात बांधलेली वाटी काढली. गाठ सोडायला लागला.

“हात पुढं कर.”

“हितं?” मी म्हटलं. “मुतारीच्या वाऱ्याला? एकदा मोबाईलवर दिलास, आता स्टँडवर देतोस? घरी ये. उंबऱ्यात उभा ऱ्हा. मग दे.”

“परतीची गाडी नाय मिळायची.”

“मग ऱ्हा.”

“घरी सांगितला नाय.”

“मोबाईल काय मला ऐकायला घेतलास फक्त? सांग त्याच्यावरून.”

त्यानं वाटी पुन्हा बांधली, पण उठला नाही. मला वाटलं तो लाजतोय. तो लाजत नव्हता, भाव करत होता. जन्मात पहिल्यांदा.

“एक अट,” तो म्हणाला. “ग्रुपवर बोललीस ते मागं घे.”

“विकलेला माल मी परत घेत नाय.”

“बघ. मग मी नाय येत.” आणि त्यानं उजवी चप्पल घातली. मग डावीत अंगठा अडकवायला लागला. अडकवतच राहिला.

हे त्यानं कुठून उचललं? गोणपाटावर माझ्या शेजारी बसून, मान खाली घालून, हेच तर बघत होता तो.

“मागं घेत नाय,” मी म्हटलं. “पन हळदीच्या आदल्या दिवसापासून येईन. मांडव निघेपर्यंत ऱ्हाईन. तुझ्या पोरीच्या लग्नाचा तांदूळ मी निवडीन.”

“आनि कुनावर वरडायचा नाय.”

“ते नाय जमायचा.”

“निदान व्याह्यांवर.”

“नव्या, का जुन्या?”

“जुन्यांवर. नवे अजून बरे हायेत.”

“बरा. जुन्यांवर नाय.”

त्यानं चप्पल घातली. म्हातारा हे सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “आता तरी मोबाईल काढ रं मांडीखालून, पोळला असशील.” तोवर मोबाईलची बॅटरीच संपली होती. माझी वेबसाइट बंद करायचा तेवढा एकच मार्ग आहे, हे मला तेव्हा कळलं.

गाडीत बसल्याबसल्या त्यानं माझ्या मोबाईलवरून घरी कळवलं. त्यानं खिडकीची जागा मला दिली आणि मी ती भांडण न करता घेतली. सापगावला उतरल्यावर मी त्याला दारात थांबवलं, आत गेले, पाय धुतले, साडी बदलली. सून कामावरून येऊन स्वयंपाकघरात होती. तिला म्हटलं, “चहा पातळ करू नकोस.” तिनं माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे, आणि दुधाची पिशवी अख्खी पातेल्यात ओतली.

मी उंबऱ्याच्या आत उभी राहिले, तो बाहेर.

“बायकोला नाय आणलीस?”

“ती म्हनाली, आधी तू मार खाऊन ये. मंग मी येईन.”

मी हात पुढे केला. त्यानं फडकं सोडलं. कुंकवात कालवलेले तांदूळ, घरच्या शेतातले, मी ओळखले. त्यानं चिमूटभर घेऊन माझ्या तळव्यावर ठेवले, वर सुपारी ठेवली. “पोरीच्या लग्नाला ये,” म्हणाला. झालं होतं. रीत पुरी झाली होती. मी मूठ मिटायला लागले, तर त्यानं वाटीत पुन्हा हात घातला आणि अख्खी मूठ भरून माझ्या तळव्यावर ओतली. अक्षता चिमूटभर देतात, कुणी मूठभर देत नाही. हाताच्या कडेवरून दाणे सांडले, उंबऱ्यावर उडाले, त्याच्या चपलेत गेले. आणि तो तिसऱ्यांदा वाटीत हात घालत होता.

“नासाडी करू नकोस रे,” मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली आणि हसला. मी खाली बसून लाल झालेले दाणे वेचायला लागले. मग तोही चप्पल काढून आत आला आणि माझ्या समोर वेचायला बसला.